नवीन सिम्फॉनिक ब्लॅक मेटल अल्बम ऐकताय? या चुका टाळा

सिम्फॉनिक ब्लॅक मेटल म्हणजे कर्कश, वेगवान ब्लॅक मेटलला ऑर्केस्ट्रा किंवा कीबोर्डची जोड. ते ऐकताना सगळ्यात कॉमन चूक म्हणजे इंट्रोमधलं कॉयर (समूहगान) आणि व्हायोलिन ऐकूनच "काय एपिक आहे यार" म्हणून मोकळं होणं. अरे इंट्रो सगळ्यांचेच भारी असतात! ऑर्केस्ट्रा मनातल्या मनात म्यूट करा आणि बघा खाली रिफ (गिटारची परत परत येणारी धून) उरतोय का, की गिटार नुसती घरघर करतेय आणि चाल सगळी कीबोर्डच सांभाळतोय.

दुसरं म्हणजे खरा ऑर्केस्ट्रा घेतलाय म्हणजे अल्बम भारीच असणार हे डोक्यातून काढा. एम्परर या बँडच्या १९९४ च्या 'इन द नाइटसाइड इक्लिप्स'मध्ये नुसते कीबोर्ड आहेत आणि तरी आजही लोक नवीन बँडला त्याच मापाने मोजतात. उलट डिमू बोर्गीर या बँडने २०१० च्या 'अब्राहाडाब्रा'साठी नॉर्वेच्या रेडिओचा ऑर्केस्ट्रा आणि वर कॉयर पण घेतलं, साउंड अवाढव्य झाला पण मला विचाराल तर १९९७ च्या 'एन्थ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट'मधली गाणी जास्त घट्ट बांधलेली आहेत, आणि तिथे फक्त कीबोर्डच होता.

आता "सगळा चिखल ऐकू येतोय" ही तक्रार. आधी मिक्सला (म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याला) शिव्या घालू नका, फोनचा स्पीकर सोडून साधे वायरवाले हेडफोन लावा, इक्वलायझर फ्लॅट करा, बेस बूस्ट आणि ते सराउंड-बिराउंड सगळं बंद. डबल बेस ड्रम, बेस गिटार आणि चेलो हे तिघं खालच्या पट्टीत एकाच जागेसाठी भांडत असतात, त्यात तुम्ही बूस्ट लावलात तर चिखल होणारच ना. एवढं करूनही संथ भाग स्वच्छ आणि ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) सुरू झाला की गिटार गायब, असं होत असेल तर मग खुशाल मिक्सवर खापर फोडा. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच सारखं धुरकट असेल तर ते बहुतेक मुद्दाम केलेलं असतं, ९० च्या दशकातल्या नॉर्वेच्या ब्लॅक मेटलची स्टाइल.

जुन्या अल्बमशी तुलना करताना आवाज सारखा ठेवा, नवीन मास्टर (रेकॉर्डिंगची शेवटची तयार आवृत्ती) जोरात असतात आणि जोरात वाजलं की कानाला उगाच चांगलं वाटतं. अॅपमध्ये नॉर्मलायझेशनचं (सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणणारं) बटण असतं, ते ऑन करा.

आणि प्लीज, डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडसारखा कच्चा साउंड नाही म्हणून मार्क कापू नका, ती गल्लीच वेगळी. सेप्टिकफ्लेश या बँडशी पण तुलना नको, ते मुळात डेथ मेटल या वेगळ्याच प्रकारातले.