ज्यूदोचा पहिला धडा : पडायचे कसे

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतील एका बौद्ध मंदिरात ज्यूदो शिकवण्यास प्रारंभ केला. या विद्येत दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः सुरक्षितपणे पडायला शिकावे लागते आणि त्या तंत्राला ‘उकेमी’ म्हणतात. नवशिके ते कंटाळवाणे समजून उरकतात, याचे मला फार वाईट वाटते.

मागे पडण्याचा सराव जाणत्या प्रशिक्षकासमोर, मॅटवर पाठीवर झोपून सुरू करावा. हनुवटी छातीकडे ओढून नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी, म्हणजे डोके मागे आदळत नाही. मग दोन्ही हात छातीसमोर उचलून ते शरीरापासून सुमारे ३० ते ४५ अंशांवर, तळव्यापासून कोपरापर्यंतचा भाग एकाच वेळी टेकेल असे, मॅटवर आपटावेत आणि त्याच क्षणी श्वास सोडावा. त्यामुळे आघात एका बिंदूवर न साचता मोठ्या भागावर पसरतो. हे अंगवळणी पडल्यावर उकिडवे बसून आणि नंतर उभ्याने पडावे. तोल जाताना हात मागे टेकवण्याची ऊर्मी मात्र कटाक्षाने आवरावी, कारण मनगट आणि कोपर तिथेच दुखावतात.

जोडीने सराव करताना पाडणाऱ्याने जोडीदाराची बाही शेवटपर्यंत धरून ठेवून त्याचे पडणे सावरायचे असते. ‘जिता क्योएई’, म्हणजे स्वतःचे व इतरांचे परस्पर कल्याण, हे कानोंचे तत्त्व त्या एका पकडीत प्रत्यक्ष दिसते. सरावाच्या आरंभी व अखेरीस एकमेकांना वाकून केलेले वंदनही याच भावनेने करावे.