हात बाजूला, नजर समोर: आयरिश नृत्याची सुरुवात

डब्लिनमध्ये घराजवळच्या चर्चच्या सभागृहात सात वर्षांच्या मुलीचे नाव आयरिश नृत्याच्या वर्गात घातले, तेव्हा तिला सोडण्या-आणण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध येणार नव्हता. पण लहानपणी काही वर्षे कथक शिकल्यामुळे पायांनी ताल वाजवणारे कोणतेही नृत्य आपल्याला सहज जमेल, अशा समजुतीने मी लवकरच त्याच शिक्षिकेच्या प्रौढांच्या वर्गात दाखल झाले. ती समजूत पहिल्या अर्ध्या तासातच ओसरली. कथकात तळवा जमिनीवर सपाट पडतो आणि हात, मान, डोळे सतत बोलत असतात. इथे मात्र टाचा उचललेल्या, पावले बाहेर वळवून एकापुढे एक आणलेली आणि हात मुठी मिटून अंगालगत ठेवलेले असतात. मला सर्वांत अवघड गेले ते हात गप्प ठेवणे.

सुरुवातीचे आठवडे ‘सात’ आणि ‘तीन’ यांतच जातात. बाजूला सरकत सात पावले घ्यायची आणि मग जागच्या जागी दोनदा तीन-तीन पावले टाकायची. मुलांना याचा कंटाळा येतो आणि पालकांना प्रगती थांबल्यासारखी वाटते. पण ‘वॉल्स ऑफ लिमरिक’सारख्या समूहनृत्याचा पायाच या पावलांवर उभा आहे. तालाच्या बाबतीत आपल्याकडच्यांना थोडी सवलत मिळते. जिग, रील आणि स्लिप जिग हे इथले तालानुसार ओळखले जाणारे नृत्यप्रकार. जिगच्या सहा मात्रा तीन-तीनच्या गटांत पडत असल्याने दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ती लवकर सापडते, रील चारच्या हिशोबाने चालते आणि स्लिप जिगमध्ये तीन मात्रांचे तीन गट येतात, तिथे मात्र मी अजूनही मनातल्या मनात मोजते.

बुटांवर सुरुवातीलाच फार खर्च करू नये. मुलींचे काळ्या चामड्याचे, नाडीने बांधायचे मऊ बूट पायाला घट्ट बसावे लागतात. पाय वाढेल म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली सवय इथे नडते, कारण सैल बुटात बोटांची टोके दिसत नाहीत. मुलग्यांच्या मऊ बुटांना टाच असते. फायबरग्लासची टोके व टाचा असलेले, खडखड वाजणारे कडक बूट पुढचा टप्पा आहेत आणि ते कधी घ्यायचे हे शिक्षकांनीच ठरवावे. मुलांचे बूट वर्षभरात लहान होतात, त्यामुळे पालकांमध्ये जुन्या बुटांची देवाणघेवाण सर्रास चालते.

वर्ग निवडताना शिक्षकांनी ‘टीसीआरजी’ ही पात्रता मिळवली आहे का, हे विचारावे. आयरिश नृत्याचे नियमन करणाऱ्या ‘अन कोमिशून’ या संस्थेची ती परीक्षा आहे. दुसरा प्रश्न ‘फेश’ म्हणजे स्पर्धांविषयीचा असावा. काही वर्ग जवळजवळ पूर्णपणे स्पर्धांसाठीच चालतात आणि त्या वाटेवर पुढे नक्षीदार पोशाख, कुरळ्या केसांचे टोप आणि प्रवास यांचा खर्च वाढत जातो. नवशिक्यांना यांपैकी कशाचीही गरज नसते, हे कोणी आपणहून सांगेलच असे नाही.

प्रौढांनी पोटऱ्या, घोटे आणि नडगीचे हाड यांची विशेष काळजी घ्यावी. मी घरी फरशीवर उड्यांचा सराव केला आणि पंधरा दिवस लंगडत चालले. लाकडी जमीन नसेल तर घरी पावले नुसती चालून पाहावीत. १९९४ च्या युरोव्हिजन या गीतस्पर्धेत ‘रिव्हरडान्स’ हा आयरिश नृत्याचा कार्यक्रम गाजल्यापासून अनेक प्रौढ तेच चित्र डोळ्यांपुढे ठेवून येतात, पण उड्या झेपत नसतील तर ‘शान-नोस’ हा पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनमारा भागात जपला गेलेला जुना प्रकार पाहावा. त्यात पाय जमिनीलगत राहतात आणि हात मोकळे असतात.

माझी मुलगी आता स्लिप जिगपर्यंत पोहोचली आहे. मी अजून ‘सात’ आणि ‘तीन’ यांवरच आहे, मात्र गेल्या केलीत, म्हणजे त्याच सभागृहातल्या नाचाच्या संध्याकाळी, ‘वॉल्स ऑफ लिमरिक’ शेवटपर्यंत नाचले आणि एकदाच चुकीच्या दिशेला गेले.