लांबलचक इंग्लिश शब्द पाठ करू नका, फोडा

लांब इंग्लिश शब्द समोर आला की बरेच जण पहिली तीन-चार अक्षरं वाचतात आणि उरलेल्यावरून नजर सरकवून पुढे जातात, मीही कित्येक वर्षं तेच करायचो. मग कधीतरी लक्षात आलं की शाळेत मराठीच्या तासाला आपण समासाचा विग्रह करायचो ना, अगदी तेच इथे करायचंय. हे शब्द अख्खे जन्मालाच येत नाहीत, ग्रीक आणि लॅटिनचे तुकडे एकमेकांना जोडून बनवलेले असतात. म्हणून पाठांतर सोडा, फोडायला शिका.

सुरुवात शेपटापासून करायची. राजवाडा म्हणजे शेवटी वाडाच असतो, तसं इथेही शब्द नक्की कशाबद्दल आहे ते बहुतेकदा शेवटचा तुकडा सांगतो. शेवटी लॉजी असेल तर कसला तरी अभ्यास, फोबिया असेल तर भीती, आयटिस असेल तर दाह किंवा सूज, ऑसिस असेल तर एखादी अवस्था, बऱ्याचदा आजार. यातले तीन मात्र नीट वेगळे ओळखा कारण ते मेडिकल रिपोर्टवर येतात आणि कानाला जवळजवळ सारखे लागतात: एक्टमी म्हणजे कापून काढून टाकणं, ऑटमी म्हणजे नुसता छेद देणं, आणि ऑस्टमी म्हणजे बाहेरून वाट करून देणं. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, आता बघा, नेफ्रेक्टमी म्हणजे मूत्रपिंडच काढलं, आणि नेफ्रोस्टमी म्हणजे लघवी बाहेर यायला मूत्रपिंडापर्यंत वाट केली. केवढा फरक आहे! घरातल्या कुणाच्या कागदावर असा शब्द आला तर अर्थ डॉक्टरांकडून समजून घ्यायचाच, पण शेपूट ओळखता आलं की प्रश्न तरी नेमका विचारता येतो.

आता सगळ्यात गाजलेला शब्द घ्या, 45 अक्षरांचा: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस. शेपटाकडून चला. ऑसिस आजार, कोनि धूळ, व्होल्कॅनो ज्वालामुखी, सिलिको सिलिका (वाळूत असतं ते खनिज), अल्ट्रामायक्रोस्कोपिक अतिसूक्ष्म, न्यूमोनो फुप्फुस. म्हणजे ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार, झालं! हा शब्द 1935 साली एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांब बनवला, ते अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. डॉक्टर मंडळी रोजच्या वापरात सरळ सिलिकोसिस म्हणतात.

कधीकधी मात्र शेपूट पुरत नाही, मधलं बी शोधावं लागतं आणि तिथून बाहेर यावं लागतं. अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम, 28 अक्षरं. बी आहे एस्टॅब्लिश, स्थापन करणं. इथे एस्टॅब्लिशमेंट म्हणजे चर्चला असलेला अधिकृत, सरकारी दर्जा, डिस लावलं की तो दर्जा काढून घेणं, एरियनिझम लावलं की तसं करा म्हणणारी विचारसरणी, आणि पुढे अँटी लागला की त्या विचारसरणीला विरोध. दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो चर्चचा दर्जा राहू द्या म्हणणारा पक्ष. 19व्या शतकात ब्रिटनमध्ये हा खरा राजकीय वाद होता, आयर्लंडच्या चर्चचा दर्जा काढून घेणारा कायदा 1869 मध्ये झालासुद्धा.

आपल्याला एक फायदा आहे तो वापरा. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे कितीतरी तुकडे आपल्या ओळखीचे निघतात. ट्रिस्कायडेकाफोबिया बघा, ट्रिस तीन, काय म्हणजे आणि, डेका दहा, म्हणजे 13 आकड्याची भीती, आणि त्यातले त्रि आणि दश तर आपलेच नातेवाईक. डेंटिस्टमधला डेंट आणि दंत तसेच. हिप्पोपोटॅमसचा अर्थ नदीतला घोडा, आपण पाणघोडा म्हणतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता.

पण तोडताना चुकीच्या जागी तोडू नका. हेलिकॉप्टर आपण हेली आणि कॉप्टर असं तोडतो, खरं ते हेलिको आणि प्टर आहे, हेलिको म्हणजे मळसूत्रासारखं फिरणारं आणि प्टर म्हणजे पंख. तोच पंख टेरोडॅक्टिल या प्राचीन उडणाऱ्या प्राण्याच्या नावात आहे, फक्त सुरुवातीला आला म्हणून त्यातल्या पीचा उच्चार होत नाही. दुसरी फसगत म्हणजे सारखे दिसणारे तुकडे: पेडेस्ट्रियनमधला पेड लॅटिन, म्हणजे पाय, आणि पेडियाट्रिशियनमधला ग्रीक, म्हणजे मूल. आणि इनफ्लेमेबल! यातल्या इनचा अर्थ नाही असा बिलकुल नाही, हा शब्द पेट घेणाऱ्या वस्तूवर लिहितात, त्यामुळे हा चुकीचा समजला तर खरंच धोका आहे.

उच्चारासाठी माझा सगळ्यात लाडका उपाय सांगतो, शब्द मागून पुढे बोलत यायचं. फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन घ्या, 29 अक्षरांचा, आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये इंग्लिश ई हे अक्षर एकदाही नाही. आधी नुसतं फिकेशन म्हणा, जोर के वर. मग पिलिफिकेशन. मग नायहिलिपिलिफिकेशन. मग नॉसि जोडा, शेवटी फ्लॉक्सि. प्रत्येक वेळी नवीन भाग आधी येतो आणि पुढचा भाग जिभेला सवयीचा झालेला असतो त्यामुळे मध्येच अडखळायला होत नाही, चार-पाच वेळात येतो. अर्थ आहे एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं, कारण फ्लॉक्सि लोकरीचा पुंजका, नॉसि क्षुल्लक वस्तू, नायहिलि काहीच नाही, पिलि केस, चार वेळा एकच गोष्ट सांगितलीय. हा शब्द 1741 पासून लिखाणात सापडतो.

आणि वही ठेवा, पण शब्दांची नको, तुकड्यांची ठेवा. डिक्शनरीत अर्थाच्या आधी व्युत्पत्ती वाचायची, एका पानावर एकच तुकडा लिहायचा आणि त्याखाली तो जिथे जिथे भेटेल ते शब्द लिहीत जायचं. उदाहरणार्थ रायनो, म्हणजे नाक. रायनोसेरॉस म्हणजे नाकावर शिंग असलेला, गेंडा. रायनायटिस म्हणजे नाकाच्या आतली सूज. ओटोरायनोलॅरिंगॉलॉजिस्ट म्हणजे ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र, आपला कान-नाक-घशाचा डॉक्टर. रायनोप्लास्टी काय असेल ते आता तुम्हीच त्या पानावर लिहा, प्लास्टी म्हणजे आकार देणं.