30 जुलैच्या कार्यक्रमाआधी: मानवी तस्करीविरोधात निधी उभारणाऱ्यांसाठी तयारीची यादी

संयुक्त राष्ट्रांनी 2013 साली 30 जुलै हा मानवी तस्करीविरोधी दिवस म्हणून जाहीर केला. तेव्हापासून जून उजाडला की एनएसएसचे गट, महिला मंडळं, रोटरीच्या शाखा, सोसायट्यांच्या समित्या तस्करीविरोधात काम करणाऱ्या संस्थांना फोन करायला लागतात. कार्यक्रम करायचाय, जमेल तसा निधीही द्यायचाय, तयारी काय करू? फोनवर या प्रश्नाला पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. जूनच्या सुरुवातीला हे हाती पडलं तर वेळ पुरेल. जुलैचा मध्य उलटला असेल तर कार्यक्रम ऑगस्टमध्ये घ्या. तारखेसाठी घाईघाईत केलेल्या कार्यक्रमाचा त्रास शेवटी तस्करीतून सुटलेल्या मुलींना आणि मुलांनाच होतो.

सगळ्यात आधी पैसे कशासाठी मागणार ते ठरवा. "एका मुलीची सुटका करा" असं आवाहन केलं की लोक चटकन देतात, हे खरं आहे. पण धाड घालणं हे पोलिसांचं काम, त्याचा खर्च सरकारचा. तंगी असते ती सुटकेनंतरच्या वर्षांत. समजा, मुंबईत सुटलेली एक मुलगी पश्चिम बंगालमधल्या आपल्या गावी परतली, तिचं लग्न झालं, आणि काही वर्षांनी माझगावच्या न्यायालयातून साक्षीचं समन्स आलं. सासरी काय सांगून निघायचं, इथून सुरुवात. हावड्याहून रेल्वेने दीडेक दिवस, सोबत एक कार्यकर्ती, मुंबईत राहायची सुरक्षित जागा, बुडालेली मजुरी. न्यायालयात पोचल्यावर आरोपीची माणसं त्याच व्हरांड्यात उभी असतात. कोणी काही बोलत नाही, नुसतं बघत राहतं. दुपारी कळतं, आरोपीचा वकील आला नाही, पुढची तारीख. दोन महिन्यांनी पुन्हा तीच तिकिटं, घरी पुन्हा तेच स्पष्टीकरण. ती कंटाळून यायची थांबली की खटला ढेपाळतो आणि दलाल बाहेर येतो. म्हणून तुमच्या पत्रकावर "साक्षीदाराचा एका फेरीचा प्रवास", "समुपदेशिकेचा एका महिन्याचा पगार", "वसतिगृह सोडल्यानंतरच्या खोलीचं डिपॉझिट" असंच लिहा. ज्या संस्थेला देणार आहात तिच्याकडून खऱ्या खर्चाचे आकडे लेखी मागून घ्या आणि तेच छापा. अशा आवाहनाला पैसे येत नाहीत असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. नीट समजावून सांगितलं तर लोक देतात, आणि पुढच्या वर्षीही देतात.

मग आपल्या भागात तस्करी कोणत्या रूपात आहे ते बघा. कार्यक्रम म्हटला की कामाठीपुरा किंवा बुधवार पेठेचाच विषय निघतो. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये जबरदस्ती, फसवणूक, आमिष, सत्तेचा गैरवापर या मार्गांनी शोषणासाठी माणसं मिळवणं, नेणं, ठेवून घेणं हे सगळंच येतं, आणि पीडिताची संमती होती की नव्हती याला तिथे किंमत नाही. रायगड, ठाणे, पालघरमध्ये असाल तर वीटभट्टी आणि कोळसाभट्टीवरची कातकरी कुटुंबं तुमच्या शेजारी आहेत. 2022 साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला दुसऱ्या जिल्ह्यात दिल्याचं उघड झालं. आईबापांच्या हातात थोडे पैसे आणि एखादी मेंढी. त्यातली एक मुलगी वाचली नाही. बीडमध्ये उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला कोयत्यावर जाणारं प्रत्येक कुटुंब तस्करीचं बळी आहे असं सरसकट म्हणू नका, ते चूक आहे. पण उचल फिटेपर्यंत मुकादम हलू देत नसेल तर ती वेठबिगारी आहे, आणि 1976 पासून ती कायद्याने बंद आहे. शहरातल्या महाविद्यालयात बोलणार असाल तर डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं सांगून म्यानमार, कंबोडियाला नेलेल्या आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या तरुणांबद्दल बोला. समोर बसलेल्यांपैकी कोणालातरी तसा मेसेज आलेला असण्याची शक्यता या विषयात सर्वात जास्त आहे.

संस्था निवडताना नुसती वेबसाइट पाहून ठरवू नका. महाराष्ट्रात या कामाला चांगला पाया आहे. कामाठीपुऱ्यात 1986 पासून काम करणाऱ्या 'प्रेरणा'ने वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. अहिल्यानगरचं 'स्नेहालय' 1989 पासून उभं आहे. गोव्यात वास्कोच्या बायणा भागापासून 'अर्ज' संस्थेने काम उभारलं. सांगलीचं 'संग्राम' आणि तिथल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची 'वॅम्प' यांची भूमिका वेगळी आहे: राजीखुशीने हा व्यवसाय करणारी प्रौढ स्त्री आणि तस्करीत अडकलेली मुलगी यांना एका मापाने मोजू नका, आणि धाडींत स्त्रियांचंच नुकसान होतं. कोणाच्या बाजूचे असाल ते असा, पण व्यासपीठावर चढण्याआधी हा वाद समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयानेही 19 मे 2022 च्या आदेशात या स्त्रियांच्या सन्मानाची आणि त्यांची ओळख माध्यमांत उघड न करण्याची बाजू घेतली आहे. तो आदेश वाचलेला एक तरी माणूस तुमच्या समितीत असू द्या.

तुमच्या गावातली लहान संस्थाही चालेल, मोठं नाव असण्याची गरज नाही. फक्त कागद पाहा: धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी 80 जी ची वैध मान्यता, मुलं ठेवत असतील तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी. बालगृहाची नोंदणी मागितल्यावर जी संस्था "काम चालू आहे" म्हणते तिला नम्रपणे नमस्कार करून पुढे जा. आणि "आम्हाला मुलांना भेटता येईल का?" असं विचारू नका. जी संस्था कोणालाही सहज भेटू देते, तिच्याबद्दलच शंका घ्यायला हवी.

पैशाचे नियम थोडक्यात. देणगी थेट संस्थेच्या बँक खात्यात जावी. क्यूआर कोड संस्थेचाच हवा. एखाद्या कार्यकर्त्याच्या फोनवर "तात्पुरते" घेतलेले पैसे पुढे वर्षभर डोकेदुखी होतात. मंडळाची नोंदणी नसेल आणि स्वतःच्या नावाने वर्गणी काढणार असाल तर गणेशोत्सवाला घेता तशीच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क ची परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्यावी लागेल. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80 जी ची सवलत मिळत नाही, आणि आयकराची नवी पद्धत घेतलेल्यांना ती मुळातच नाही. हे देणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे मार्चमध्ये कुरबुर नको. प्रमाणपत्रासाठी देणगीदाराचा पॅन किंवा आधार क्रमांक लागतो, तेव्हा पावतीवर त्याची जागा ठेवा. पावती पुस्तकांना क्रमांक हवेत. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलं ते वहीत लिहा, आणि संध्याकाळी मोजणी दोघांनी मिळून करा.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण इथेच चांगल्या मनाने गोंधळ होतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने आपल्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण अमेरिकन किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, मूळ गाव सातारा असलं तरी, परदेशी देणगीच ठरते, आणि मंडळाने स्वतःच्या खात्यातून पाठवलेली रक्कमही. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने घेतलेले परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, म्हणून "मोठ्या संस्थेमार्फत छोटीला देऊ" हा मार्ग आता नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात डॉलर गोळा करण्याआधी संस्थेला ई-मेल करून नोंदणी चालू आहे का ते विचारा. पैसे परत पाठवण्यात कोणाचंच भलं होत नाही.

आता फोटो, गोष्टी आणि वक्ते. तयारीतला निम्मा वेळ इथे घाला. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बलात्काराच्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि तिथे 2 वर्षांपर्यंतची कैद आहे. पण कायद्याच्या पलीकडेही एक हिशेब आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारलेला फोटो गावातली माणसं ओढणीवरून ओळखतात. "नाशिक जिल्ह्यातल्या एका गावातली, वडील रिक्षा चालवतात अशी, दोन बहिणींतली मोठी" एवढं लिहिलं की नाव लिहायचं शिल्लक राहत नाही. आणि पोस्टरवर साखळदंड, काळोख, रडणारी पाठमोरी मुलगी हे आता बंद करा. खरी साखळी बहुतेक वेळा लग्नाचं वचन, ओळखीची मावशी आणि कर्ज यांची असते. पाहणाऱ्याला ती ओळखता यावी म्हणून तर आपण हे सगळं करतो आहोत. हातांचे, शिवणयंत्रांचे, न्यायालयाच्या पायऱ्यांचे फोटो घ्या, किंवा एखाद्या चित्रकाराकडून चित्रं काढून घ्या.

सुटलेल्या मुलीने व्यासपीठावर येऊन बोलावं असा आग्रह धरू नका. कोणी स्वतःहून तयार असेल तर ती सज्ञान हवी. काय बोलायचं, काय नाही हे तिने ठरवायचं, मानधन इतर वक्त्यांइतकंच द्यायचं, चित्रीकरण करायचं का ते तिला आधी विचारायचं आणि ऐन वेळी तिने नकार दिला तर एकाही चेहऱ्यावर नाराजी दिसू द्यायची नाही. प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि त्या चिठ्ठ्या निवेदकाने चाळून मगच वाचाव्यात. "तुला किती पैशांना विकलं?" हा प्रश्न आजवर भरसभेत विचारला गेला आहे.

आकड्यांबाबत एकच नियम: स्रोत सांगता येत नसेल तो आकडा वापरू नका. व्हॉट्सॲपवर बेपत्ता मुलींचे आकडे फिरतात आणि ते सगळे तस्करीचे म्हणून सांगितले जातात. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा. म्हणून त्या आकड्यात घरातून रागाने निघालेली, पळून लग्न केलेली, आठवड्याने परतलेली मुलंही असतात. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात तस्करीचे नोंदवलेले गुन्हे देशभरात 2,250 आहेत. इतक्या मोठ्या देशात हा आकडा भीती घालणारा नाही, पण तो कमी का आहे, नोंद होताना काय काय गळतं, हाच तुमच्या कार्यक्रमाचा विषय होऊ शकतो.

निधीइतकीच पाठपुराव्याचीही तयारी करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, प्रत्येकी 10 रुपये शुल्क. पोलिसांकडे: जिल्ह्याच्या मानवी तस्करीविरोधी कक्षात मंजूर पदं किती, भरलेली किती, तिथल्या अधिकाऱ्यांना दुसरी कोणती कामं दिली आहेत? जिल्हाधिकारी कार्यालयाकडे: गेल्या पाच वर्षांत वेठबिगारीतून मुक्तीची प्रमाणपत्रं किती दिली, आणि त्यातल्या किती जणांना पुनर्वसनाची रक्कम मिळाली? 2016 च्या केंद्रीय योजनेने पुरुषासाठी 1 लाख, स्त्रिया आणि मुलांसाठी 2 लाख, तस्करीसारख्या गंभीर प्रकरणांत 3 लाख ठरवले, पण पूर्ण रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी बांधली. खटला रखडला की माणूस सुटूनही रिकाम्या हाताने राहतो आणि पुन्हा त्याच मुकादमाकडे जातो. ही अट काढा, असं निवेदन आमदार-खासदारांना द्या. त्यात मागणी एकच ठेवा. दहा मागण्यांचं निवेदन पोच मिळण्यापुरतंच असतं. गाव असेल तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडा: दसऱ्यानंतर कोण, कुठे, कोणत्या मुकादमाबरोबर गेलं याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि गाव बाल संरक्षण समितीची बैठक नियमित व्हावी.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहाच्या दारातच 1098 (मुलांसाठी), 181 (महिलांसाठी) आणि 112 (तातडीच्या मदतीसाठी) हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा, स्वच्छतागृहाच्या आतल्या बाजूलाही. तिथेच एकटीला वाचता येतं. एक समुपदेशिका शेवटच्या रांगेत बसलेली असू द्या, आणि शेजारी रिकामी खोली. भाषण संपल्यावर कोणीतरी जवळ येऊन हळूच "माझ्या मामेबहिणीचं असं झालंय" म्हणतं. त्या वेळी काय करायचं हे स्वयंसेवकांना आधी शिकवलेलं हवं: ऐकायचं, मोबाइलवर टिपून घ्यायचं नाही, "नक्की का?" विचारायचं नाही, स्वतः शोधायला जायचं नाही, समुपदेशिकेकडे न्यायचं. मूल असेल तर 1098 ला कळवणं टाळता येत नाही, हेही त्यांना माहीत असू द्या. उत्साही तरुणांनी परस्पर "सुटका" करायला जाणं फार धोक्याचं आहे. दलाल सावध होतो, मुलगी दुसऱ्या गावी हलवली जाते.

कार्यक्रम झाल्यावर महिन्याच्या आत हिशेब सर्व देणगीदारांना पाठवा: किती जमले, हॉल आणि छपाईवर किती गेले, संस्थेला किती दिले, संस्थेने ते कशावर खर्च करायचं कबूल केलं. सहा महिन्यांनी संस्थेला पुन्हा विचारा आणि उत्तर पुढे पाठवा. त्या उत्तरात कोणाची गोष्ट मागू नका, किती फेऱ्या झाल्या आणि किती पगार दिले एवढं पुरे. माहिती अधिकाराच्या अर्जांना 30 दिवसांत उत्तर आलं नसेल तर त्यानंतरच्या 30 दिवसांत प्रथम अपील करावं लागतं. अर्ज टाकता त्याच दिवशी ती तारीख समितीतल्या दोघांच्या फोनमध्ये घालून ठेवा.