जुन्या मोटारसायकलला डिस्क बसवायची? आधी ड्रम उघडा

जुनी गाडी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला विचारतो, "पुढे डिस्क ब्रेक बसवून द्याल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी मूळ ड्रम ब्रेक नीट करू, मग ठरवू. गाडी घडवणाऱ्याने दिलेला ब्रेक विचारणाऱ्याने अनुभवलेलाच नसतो. त्याच्या वाट्याला आलेले असतात गुळगुळीत झालेले लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर), गंजलेली केबल आणि लंबगोल झालेला ड्रम, म्हणजे चाकासोबत फिरणारा ब्रेकचा डबा.

चाक काढलं की आतली काळी पूड हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. शूवर, म्हणजे लायनर बसवलेल्या कमानींवर, ग्रीस उतरलं असेल तर धुऊन भागत नाही. मुरलेलं तेल तापल्यावर पुन्हा वर येतं. शू बदला, पण आधी बेअरिंगचं सील बदला.

आता खरी परीक्षा. लायनरवर खडू घासा, चाक बसवा, हलका ब्रेक लावत हाताने फिरवा आणि पुन्हा उघडा. खडू फक्त टोकांना पुसला गेला असेल तर उरलेला लायनर नुसता बसून आहे. नव्या शूचंही बरेचदा असंच निघतं. मग लायनर ड्रमच्या मापाने लेथवर घासून घ्यायचा. ड्रम टर्न करायचा, म्हणजे लेथवर आतून गोल करून घ्यायचा असेल तर स्पोक ताणलेल्या अवस्थेतच करा, कारण स्पोकच्या ओढीने हब (चाकाचा मधला भाग) किंचित वाकतो. सुट्ट्या हबवर केलेलं काम चाक बांधल्यावर वाया जातं.

ब्रेक पूर्ण लागलेला असताना केबल आणि कॅमचा (शू फाकवणाऱ्या दांड्याचा) लिव्हर यांच्यात साधारण 90 अंशांचा कोन हवा. त्यापुढे गेला की जोर कमी होतो. शू झिजले म्हणून लिव्हर दातांवर सरकवून बसवणारे मेकॅनिक मला अजिबात पटत नाहीत. झीज लपते, ब्रेक सुधारत नाही. शेवटी एक्सल सैल ठेवून चाक फिरवा, ब्रेक करकचून दाबा आणि तसाच धरून नट आवळा. शू मधोमध येतात.

एवढं करूनही गाडी कमी पडत असेल, रोज रहदारीत, मागे माणूस बसवून चालवायची असेल, तर खुशाल बदल करा. 1969 च्या होंडा सीबी 750 ला पुढे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी) डिस्क आली ती काही शोभेसाठी नव्हती. पण पहिली पायरी म्हणून दोन लीडिंग शूंची बॅकप्लेट (शू ज्यावर बसतात ती तबकडी) बघा. त्यात दोन्ही शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर ओढले जातात. जोडदांडा असा जुळवा की दोन्ही कॅम एकाच वेळी हलतील. बॅकप्लेट अडवणारा टॉर्क आर्म मात्र भक्कम हवा. तो सुटला तर बॅकप्लेट फिरते, केबल गुंडाळली जाते आणि चाक अडकतं.

डिस्कच हवी असेल तर मूळ फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) कॅलिपरसाठी, म्हणजे डिस्क चिमटीत धरणाऱ्या भागासाठी, वेल्डिंग करू नका, त्यावरचे कान कापू नका. डिस्कसाठीच बनलेला फोर्क चाकासकट बसवा. मास्टर सिलिंडर (ब्रेकच्या लिव्हरने तेल ढकलणारा) कॅलिपरला जुळणारा घ्या. फार मोठा घेतला तर लिव्हर दगडासारखा कडक लागतो आणि गाडी थांबत नाही. काढलेला जुना संच तेल लावून, चिठ्ठी बांधून ठेवा.

दुर्मीळ, मूळ भागांसकट टिकलेली गाडी असेल तर मी बाहेरून काहीच बदलत नाही. आत आधुनिक लायनर आणि चांगली केबल घालतो. ते कुणाला दिसत नाही, पण थांबण्यात फरक कळतो. नवे लायनर ड्रमला घासून जुळेपर्यंत रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, मध्ये गार होऊ देत ब्रेक मारत राहा आणि मग केबल पुन्हा एकदा ओढून घ्या.