बाळ पालथं पडायला लागलं की रात्री झोपवायचं कसं

माझा मुलगा साडेचार महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास जाग आली आणि बघते तर हा पालथा पडून सरकत सरकत लोडापर्यंत गेलेला, नाकतोंड लोडात रुतलेलं आणि आवाज म्हणून काही नाही. उचलल्यावर लगेच रडला, ठीक होता, पण माझे हातपाय कितीतरी वेळ थरथरत होते कारण तो लोड मीच रात्री तिथे लावला होता, बेडवरून पडू नये म्हणून. आपल्याकडे बाळ पालथं पडायला लागलं की घरोघरी हेच होतं, उशा, लोड, गुंडाळलेली गोधडी, सगळं आणून बाळाच्या चारी बाजूंनी रचायचं. आणि खरं तर या वयात नेमकं तेच काढून टाकायचं असतं.

पहिली गोष्ट, झोपवताना बाळाला उताणंच ठेवायचं. रात्री तर हवंच, दुपारच्या डुलकीलाही, आजीकडे, पाळणाघरात, सगळीकडे, वर्षाचं होईपर्यंत. कुशीवर झोपवलं तर चालेल का असं बऱ्याच जणी विचारतात, तर नाही, कुशीवरून बाळ सहज पालथं होतं म्हणून ती पोझिशनही सेफ धरत नाहीत. अमेरिकेत पूर्वी डॉक्टरच पालथं झोपवा सांगायचे, 1992 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला, 1994 पासून उताणं झोपवा म्हणून मोठी मोहीम झाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी 1.2 वरून 2001 पर्यंत 0.56 वर आलं, म्हणजे निम्म्याहून कमी.

मोठ्या बायकांची भीती एकच असते, उताणं झोपवलं आणि दूध बाहेर आलं तर श्वासात अडकेल. माझ्या सासूबाईंनाही हेच वाटायचं आणि त्यांचं काळजीपोटीच होतं. पण आतली रचना बघा, बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायचं तर त्याला चढून जावं लागतं, पालथं असताना मात्र उलटं होतं, श्वासनलिका खाली येते. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून हे दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई समजलं, आता मीच उताणं ठेवत जाईन." दूध पाजल्यावर ढेकर काढायचा, थोडा वेळ खांद्यावर धरायचं आणि मग झोपवायचं, बस.

आता मुख्य प्रश्न, उताणं झोपवलं आणि मध्यरात्री ते आपलं आपण पालथं पडलं तर? इथे दोन टप्पे आहेत. बाळ पालथं पडतं पण परत उताणं होता येत नाही, तोपर्यंत दिसलं की हळूच उताणं करायचं. दोन्हीकडे सहज वळता यायला लागलं, म्हणजे उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, एखाद वेळेला चुकून नाही तर रोज जमतंय, की मग तुम्ही झोपवताना उताणं ठेवायचं आणि पुढे ते ज्या पोझिशनमध्ये जाईल तसं राहू द्यायचं. रात्रभर जागत बसून दर वेळी सरळ करायची गरज नाही. हे कळेपर्यंत मी आठवडाभर अलार्म लावून उठत होते, त्याचीही झोपमोड आणि माझीही. पण हे राहू देणं सेफ कधी, तर आजूबाजूला काही मऊ नसेल तेव्हाच, त्यामुळे खालचं नीट वाचा.

गुंडाळणं बंद. दुपट्यात हात आत घेऊन घट्ट बांधायची सवय असते, पण बाळ वळायचा प्रयत्न जरी करायला लागलं, कुशीवर झुकतंय, पाय उचलून कंबर फिरवतंय, तरी त्याच दिवसापासून सोडायचं, पूर्ण पालथं पडायची वाट बघायची नाही. काही बाळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू करतात. हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर तळहात टेकून डोकं उचलणार कसं? पहिले दोन-चार दिवस झोपेत दचकतं, चिडचिड होते, मग सवय होते. थंडी असेल तर अंगभर कपडे घाला किंवा हात मोकळे राहतील अशी स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची झोपेची पिशवी, सैल पांघरूण नको. आणि झोपताना टोपडं, कुंची काढायची, सरकून तोंडावर येते आणि डोकं झाकलं की बाळ फार तापतं. गरम होतंय का ते हातपाय बघून कळत नाही, ते तसेही गार असतात, मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर कमी करा.

जागा कशी हवी, तर सपाट आणि घट्ट. तळहाताने गादी दाबून उचला, खड्डा तसाच राहिला तर ती मऊ आहे, नवीन पिंजलेल्या कापसाच्या गादीचं असं होतं, फोमच्या जाड गादीचंही. वर एकच चादर, चारी बाजूंनी ताणून खाली खोचलेली. शू गादीत मुरू नये म्हणून ड्राय शीट लावत असाल तर ती चादरीच्या खाली, कारण वर ठेवली की रात्रभरात तिचा गोळा होतो आणि बाळ वळताना तो गोळा तोंडाशी येतो, हे मी स्वतः बघितलंय. बाकी काही नाही. उशी नाही, डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा नाही, टेडी नाही, बाजूला गुंडाळलेला टॉवेल नाही, वळू नये म्हणून विकतात ते पोझिशनर नाही. गळ्यात काळा दोरा, ताईत, मण्यांची माळ असेल तर झोपताना काढून ठेवा. पाळण्यावरचं चिमणाळं हाताला लागायला लागलं की तेही काढायचं.

झोळीबद्दल लिहिताना जपून लिहितेय कारण आपण सगळे झोळीत वाढलोय. पण साडीच्या झोळीत बाळ गोल होऊन झोपतं, हनुवटी छातीला टेकते, आणि वळायला लागलेलं बाळ त्यात फिरलं की कापड चारी बाजूंनी चेहऱ्याशी येतं, शिवाय कलंडून पडायची भीती वेगळी. माझं मत स्पष्ट आहे, वळायला लागलं की झोळी बंद. लहान लाकडी पाळण्याचंही तसंच, कडा कमी उंचीच्या असतील तर या वयात बाळ बाहेर येऊ शकतं.

मग झोपवायचं कुठे? सगळ्यात चांगलं म्हणजे तुमच्याच खोलीत, तुमच्या शेजारी, पण स्वतंत्र जागेवर, निदान पहिले सहा महिने. क्रिब, म्हणजे उंच कठड्यांचा बाळाचा पलंग, घेणं जमत असेल तर उत्तम, पण टू रूम किचनमध्ये क्रिब ठेवायला जागा कुठे असते. आम्ही जमिनीवर सतरंजी आणि त्यावर पातळ घट्ट गादी टाकली, भिंतीपासून हातभर लांब, कारण गादी आणि भिंतीच्या फटीत बाळ अडकू शकतं, आणि माझी गादी शेजारी वेगळी. वळलं तरी चार बोटांवरून फरशीवरच येणार, त्यामुळे लोड लावायचं कारणच उरलं नाही. डासांसाठी छत्रीसारखी मच्छरदाणी मिळते, तिच्यासोबत येणारी गुबगुबीत गादी आणि उशी वापरू नका, आणि वळणारं बाळ त्या छोट्या जाळीला जाऊन चिकटतं, त्यापेक्षा मोठी मच्छरदाणी चारी कोपरे बांधून गादीखाली घट्ट खोचलेली बरी. बाळाला घेऊन सोफ्यावर झोपून जाणं मात्र कधीच नको, फार धोक्याचं आहे ते, आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल, दारू प्यायलं असेल किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल तर बाळाला त्यांच्या अंथरुणात अजिबात घेऊ नये.

दिवसा मात्र पालथं भरपूर ठेवा, जागं असताना आणि तुम्ही समोर बसलेले असताना. चटईवर, छातीवर, कसंही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रांगत नसलेल्या बाळाला दिवसभरात मिळून निदान 30 मिनिटं पालथं ठेवावं. एकदम नाही, दोन-तीन मिनिटं करत करत. मानेत आणि हातात ताकद येते ती याच्यानेच आणि मग पालथ्याचं उताणं होणंही लवकर जमतं. आम्ही समोर स्टीलची ताटली उभी करायचो, स्वतःचा चेहरा बघायला तो डोकं उचलून धरायचा. डोकं मागून चपटं होऊ नये म्हणूनही याचाच उपयोग होतो.

बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर सगळं थोडं उशिरा होतं, त्याचं गणित डॉक्टरांकडून समजून घ्या. सहा महिने झाले तरी पालथ्याचं उताणं होत नसेल तर दाखवून घ्या, घाबरण्यासारखं असेलच असं नाही. आणि कधी बाळ निळसर दिसलं, अंग लुळं पडलं, श्वास थांबल्यासारखा वाटला तर घरगुती काही करत बसू नका, लगेच 108 ला फोन.