परांडा, नळदुर्ग, औशाच्या वाटेला लागण्याआधी

पहिली वस्तू बॅटरी. मोबाइलमधली नव्हे. हातात धरायची, बटण दाबलं की पेटणारी, जिला आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या बॅटरीच म्हणतात ती.

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं पुण्याहून परांडा, धाराशिव, नळदुर्ग, औसा, उदगीर अशा किल्ले बघण्याच्या पाच दिवसांच्या फेरीला निघालो. दाराला कुलूप लावताना आईने विचारलं, "बॅटरी घेतलीस का रे?" मी खिशातून मोबाइल काढून तिला दाखवला, "फुल आहे. शंभर टक्के." ती गप्प बसली. तिला वाटलं घेतली, मला वाटलं विचारलं तेवढंच. त्या दोन वाक्यांपायी मी नळदुर्गचा पाणी महाल अजून पाहिलेला नाही. कसं ते पुढे येईलच.

कपडे, औषधं, पाणी, बिस्किटं हे मी सांगायला नको. गाडीचे कागद, पीयूसी, चाकांतली हवा, स्टेपनीतलीही हवा. झालं.

आता फेरी आखताना एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हे डोंगरी किल्ले नाहीत, भुईकोट आहेत, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेले. सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. डोंगरी किल्ला दहा मैलांवरून दिसतो, चढून गेलं की वारा आणि खालचा मुलूख, पैसे वसूल. भुईकोट लांबून दिसतच नाही. औशाचा किल्ला तर सखलात बसवलाय, खंदकापाशी जाईपर्यंत तटाचा पत्ता लागत नाही, आणि तोच त्याचा बंदोबस्त होता. इथे चढाई नाही आणि देखावाही नाही. जे आहे ते आत: तटाच्या पोटातल्या खोल्या, दारूकोठारं, जमिनीखालून विहिरीकडे उतरणारे जिने. म्हणजे अंधारात. म्हणून बॅटरी. नुसतं तटावरून चालून खाली आलात तर अर्धाच किल्ला पाहिलात, आणि तोही कमी गमतीचा अर्धा.

महिना निवडताना नळदुर्गचा विचार आधी करा. तिथल्या बंधाऱ्यावरून पडणारे नर-मादी धबधबे बघायचे असतील तर बोरी नदी भरून वाहायला हवी, म्हणजे पावसाळ्याचा उत्तरार्ध. तेव्हा गवत कमरेइतकं असतं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि बाकीचे किल्ले धड बघता येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत सगळं कोरडं, ऊन सोसवणारं, पण धबधबा नाही. दोन्ही एका फेरीत मिळत नाही, उगाच हट्ट करू नका. मार्च ते जूनचं तर नावच काढू नका. तो काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो.

हिवाळ्यात जाणार असाल तर कुसळांची तयारी हवी. हे कोणी सांगत नाही. वाळलेल्या गवतातून दहा पावलं चाललात की मोज्यांत शे-दोनशे कुसळं घुसतात आणि गाडीत बसल्यावर एकेक उपसत बसावं लागतं. सुळसुळीत कापडाची लांब पँट आणि घोट्यावर येणारे बूट. लोकरी मोजे नकोत, चपला-सँडल तर नकोतच. बायकोने लोकरी मोजे घातले होते, ते उदगीरच्या लॉजवर तसेच टाकून आलो.

वार पाहून निघा. तुळजापूर वाटेत आहे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्र एवढे दिवस तिथून गाडी काढायची नाही. दर्शनच घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. पौष पौर्णिमेला नळदुर्गात खंडोबाची जत्रा असते, तेव्हा किल्ला बघायला जाऊ नका, जत्रा बघायला जा. मूर्ती एकच आणि देवळं दोन, वर्षातला थोडा काळ देव नळदुर्गात आणि बाकी अणदूरला. वस्तुसंग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून तेर सोमवारी ठेवू नका.

तेर मात्र ठेवाच. धाराशिवपासून तासाभराच्या आत आहे आणि बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन परततात. हेच ते जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या टिपणात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. त्याला बाजूने बघा. पाठ गोल आणि छप्पर गजपृष्ठ, हत्तीच्या पाठीसारखं, म्हणजे मुळात चैत्यगृहाचा, बौद्धांच्या प्रार्थनागृहाचा घाट. तिथल्याच लामतुरे संग्रहालयात हस्तिदंती बाहुली आहे. तिच्यासारखी एक थेट इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती. अर्धा दिवस द्या. आम्ही दीड तास दिला, कारण मी लंगडत होतो. त्याचं कारण पुन्हा बॅटरी.

तर परांडा. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून भिगवणच्या पुढे वळलात की आधी करमाळा लागतं. तिथे कमलाभवानीच्या देवळाजवळची ९६ पायऱ्यांची विहीर बघा, सकाळच्याच वेळी, म्हणजे ऊन खालपर्यंत पोचतं. तिथून परांडा अगदी जवळ. गाव लहान, किल्ला मोठा. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं तेव्हा निजामशाहीची गादी इथे आली होती, मलिक अंबर या सरदाराने निजामशाहीच्या मुर्तझाला इथूनच गादीवर उभं केलं. विजापूरची ती प्रचंड मुलूखमैदान तोफही आधी परांड्यालाच होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, १६३२ मध्ये इथून विजापूरला गेली. बाकीच्या तोफा अजून बुरुजांवर आहेत. त्यांच्यावरची नक्षी आणि फारसी अक्षरं दुपारच्या भगभगीत उन्हात दिसत नाहीत. बॅटरीचा उजेड बाजूने, आडवा टाकला की अक्षर उठून दिसतं. म्हणजे बॅटरी भर दिवसाही लागते.

आम्ही परांड्यात पोचलो तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. सकाळी सहापासून मोबाइलवर नकाशा चालू होता, शिवाय करमाळ्याला फोटो. तुरुंगासारख्या जाड भिंतींच्या दारूकोठाराच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा चार टक्के शिल्लक. बायकोचा मोबाइल गाडीत चार्जिंगला. मुलाचा गाणी ऐकून केव्हाच संपलेला. आत तोफगोळे आहेत हे वाचलेलं होतं, म्हणून मोबाइलचा दिवा लावून आत शिरलो. उजेड भिंतीवर पडला, एक रास दिसल्यासारखी वाटली आणि मोबाइल बंद. मी तिथल्या तिथे वळलो. पायाखाली काहीतरी गोल आलं, घोटा मुरगळला आणि मी सरळ खाली बसलो. वटवाघळांचा वास, तोंडात धूळ, आणि बाहेरून आईचा आवाज: "बॅटरी लाव की!"

एक शाळकरी पोरगा सायकल टाकून बघायला आला होता. त्याने मला बाहेर यायला हात दिला आणि विचारलं, "बॅटरी नाय आणली व्हय?" आईने माझ्याकडे पाहिलं. ती पुढचे चार दिवस काही बोलली नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून नीट सांगतो. बॅटऱ्या दोन घ्या. एक हातात धरायची, लांब झोत टाकणारी. दुसरी कपाळावर बांधायची, कारण जिना उतरताना दोन्ही हात भिंतीला लागतात. मोबाइलचा दिवा ही बॅटरी नाही. तो पसरट पडतो, दोन पावलांपलीकडे दिसत नाही, आणि तोच मोबाइल तुमचा नकाशा, कॅमेरा आणि अडीअडचणीचा फोनही असतो. पॉवर बँक हवीच, पण पॉवर बँक म्हणजेही बॅटरी नव्हे. माझ्याकडे होती, डिकीत, सगळ्यात खालच्या बॅगेत. आत शिरण्याआधी उजेड जमिनीवर फिरवा, मग कोपऱ्यात, मग छताला. कोपऱ्यात जनावर, म्हणजे साप, छताला वटवाघळं, आणि जुन्या वाड्यांच्या तळघरांत मध्येच उघडी विहीर असू शकते. कमानीखाली आग्या मोहोळ लोंबताना दिसलं तर आवाज न करता मागे फिरा. अत्तर-सेंट मारून जाऊ नका, आणि पोरांना दगड मारू देऊ नका.

चिकटपट्टी, क्रेप बँडेज, मलम. घोट्यासाठी. मला बार्शीत दुकान शोधावं लागलं.

नळदुर्ग तिसऱ्या दिवशी. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आत. पूर्वी जिल्ह्याचं ठाणं इथे होतं, धाराशिवला नंतर गेलं. नदी वळवून खंदक केलाय, शेजारी रणमंडळ नावाचा जोडकिल्ला आहे आणि दोघांना जोडणारा दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला, १६१३ चा. जिन्याने बंधाऱ्याच्या आत उतरायचं आणि खाली सज्जासारखी खोली. नदीला पाणी असेल तर ते तुमच्या डोक्यावरून पुढे कोसळतं आणि तुम्ही आत कोरडे. चारशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोक्यात हे आलं, आणि त्याने ते करूनही दाखवलं. मी हे सगळं आईकडून ऐकून लिहितोय. मी वर बंधाऱ्यावर सुजलेला पाय पसरून बसलो होतो. बहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, नातवाचा खांदा पकडून खाली गेली. नळदुर्गच्या दुकानातून एकशेवीस रुपयांची पिवळी बॅटरी घेतली होती, ती तिच्या हातात. वीस मिनिटांनी वर आली आणि म्हणाली, "खिडकीतून काय गार वारा येतो रे!" मग ती बॅटरी तिने माझ्या मांडीवर ठेवली. उपळ्या बुरूजही मी खालूनच पाहिला. वर दोन लांब तोफा आहेत म्हणे.

रस्त्याबद्दल एकच आणि तेही ठासून: अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. उसाचा हंगाम असतो. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, असलाच तर उसाच्या मोळ्यांआड झाकलेला, कधी नुसती लाल चिंधी बांधलेली. बैलगाड्या तर पूर्ण काळोखात चाललेल्या असतात. समोरच्या गाडीच्या उजेडात डोळे दिपले की अंगावर येईपर्यंत काही दिसत नाही. साडेपाचला मुक्कामाच्या गावात. मुक्काम धाराशिव आणि लातूरला धरा, बाकी ठिकाणी लॉज असतात पण बायकामाणसं असतील तर आधी फोन करा. जुन्या पाट्यांवर अजून उस्मानाबाद दिसेल, गोंधळू नका.

स्वच्छतागृहं. किल्ल्यांत धरूच नका. पेट्रोल पंप दिसला की जायचं, गरज नसली तरी. हे बायकोने लिहायला सांगितलं आणि ते बरोबर आहे.

सुटे पैसे. दहा-वीसच्या नोटा. रेंज नसली की ऑनलाइन काही चालत नाही.

खाणं: सोलापूरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी दोन दिवस टिकते, तीच डब्यात ठेवा. धाराशिवचे गुलाबजाम उभ्या उभ्या खायचे. कुंथलगिरीचा पेढा येताना घ्या, जाताना नको, गाडीत संपतो.

औसा: किल्ला तासा-दीडतासाचा, आतल्या पायऱ्यांच्या विहिरीसाठी बॅटरी. जवळच खरोसा लेणी, तिथेही बॅटरी. उदगीर: ३ फेब्रुवारी १७६० ला भाऊसाहेबांनी इथे निजामाला नमवलं, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत. खंदक बघा, आतली उदयगीर महाराजांची समाधी बघा. कंधारला आम्ही गेलोच नाही, पाय वर करून परत आलो. राष्ट्रकूटांचं गाव, मोठा खंदक, जगत्तुंगसागर तलाव. पुढच्या खेपेला. एक दिवस जास्त धरा.

आणि बॅटरी बॅगेत ठेवताना एक सेल उलटा घाला. नाहीतर कपड्यांत बटण दाबलं जातं, रात्रभर पेटून राहते आणि ऐन वेळी मेलेली निघते. हे आईचं. तिने आता पिवळी बॅटरी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आहे, मला देत नाही, म्हणून मला माझी वेगळी घ्यायची आहे.